लष्कर आलं, पण बैल कुठी हायेत?

ऐतिहासिक मालिकेतला इतिहासाशी सगळ्यात इमानदार भाग कोणता, असं कोणी विचारलं तर मी सुरुवातीच्या पाटीकडे बोट दाखवीन. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात आणि आपण चष्मा शोधेपर्यंत पुसली जातात. मालिका निव्वळ मनोरंजनासाठी आहे, काही प्रसंग काल्पनिक आहेत, नाट्यासाठी स्वातंत्र्य घेतलं आहे, कोणाच्या भावना दुखवायचा हेतू नाही आणि चित्रीकरणात एकाही प्राण्याला इजा झालेली नाही. एवढा जबाब एकदा लिहून दिला की पुढचे सातशे-आठशे भाग माणूस कशालाच बांधील राहत नाही. इतिहासाला झालेल्या इजेबद्दल त्या पाटीत कधीच काही नसतं, हे लक्षात घ्या.

या पाट्यांची महाराणी आमच्या लहानपणी दूरदर्शनवर झळकली. १९९० च्या सुमाराला 'द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान' सुरू झाली. भगवान गिडवानींच्या कादंबरीवरची मालिका. वाद उठला, कज्जा कोर्टात गेला आणि अखेर दर वेळी पाटी येऊ लागली की ही काल्पनिक कथा आहे आणि टिपू सुलतानाच्या आयुष्याशी वा राजवटीशी तिचा काही संबंध नाही. तलवार टिपूची, म्हैसूर टिपूचं, बाप हैदर, आणि संबंध मात्र टिपूशी नाही! लग्नपत्रिकेच्या खाली 'वराचा या विवाहाशी संबंध नाही' असं छापावं, तशातली गत. आम्ही तरीही जेवण आटोपून वेळेवर हजर असायचो.

ऐतिहासिक मालिका बघण्याचे माझ्या ओळखीत तीन संप्रदाय आहेत. पहिला भाविकांचा. यांना पडद्यावरचा नट दिसताच हात जोडावेसे वाटतात. दुसरा पुराव्यांचा. यांच्या कपाटात बखरी असतात आणि पगडीचा पीळ उजवा की डावा यावर ते रात्री साडेअकराला फोन करतात. तिसरा दाढीवाल्यांचा, म्हणजे ज्यांना फक्त दाढी चिकटवलेली कुठे दिसते एवढंच बघायचं असतं. मी बरीच वर्षं या तिसऱ्यात होतो. चौथाही एक संप्रदाय आहे, हे मला पोहरादेवीत कळलं.

पोहरादेवी वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबेचं देऊळ इथे, आणि रामनवमीला महाराष्ट्रच काय, तेलंगण, कर्नाटक, आंध्रातल्या तांड्यांतून माणसं इथे लोटतात. अलीकडे गावात नगाऱ्याच्या आकाराचं वारसा संग्रहालयही झालं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून ज्यांना पोहरादेवी नकाशावर सापडत नव्हती तेही 'आम्ही तिकडचेच' म्हणू लागले. यात्रेला अजून चार-सहा दिवस होते. ऊन असं की टपरीवरचा चहा उकळायला गॅसची गरज नव्हती. बाकड्यावर माझ्या शेजारी एका तांड्याचे कारभारी बसले होते. पांढरं धोतर, पांढरा फेटा, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या नातवानं साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि त्यावर हिंदीत डब केलेली रोमची मालिका चालली होती. लाल झगे, चकचकीत चिलखतं, डोक्यावर झाडूसारखा तुरा. ढाली जुळवून एक लांबच लांब फौज उघड्या माळावरून निघाली होती. मागे शंखनाद की तुतारी, काहीतरी वाजत होतं.

कारभाऱ्यांनी बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "भाऊ, हे किती लोकं असतीन?"

"एक पलटण पाचेक हजारांची असते त्यांची. अशा कित्येक."

"अन् चालले कुठी?"

"गॉल देशात. आत्ताचं फ्रान्स. सीझर घेऊन चाललाय त्यांना."

"कवा येतीन वापस?"

"आठेक वर्षं लागली."

"आठ वर्षं!" कारभारी सरसावून बसले. "मंग यायचे बैल कुठी हायेत?"

नातू म्हणाला, "बैल नाही हो, ते योद्धे आहेत."

"योद्धे हायेत तं जेवत नाहीत का रे पोट्ट्या?"

मी पुराव्यांच्या संप्रदायातल्या माझ्या मित्राला त्याच क्षणी माफ करून टाकलं. पगडीच्या पिळावर रात्री फोन करणाऱ्या त्या विद्वानालाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. पडद्यावरची फौज निघते, डोंगर ओलांडते, नदी ओलांडते, शत्रूच्या दारात उभी राहते, गर्जना करते, आणि एवढ्यात एकानंही भाकरीचा तुकडा मोडलेला नसतो. आपल्या मालिकेत नाही, त्यांच्याही मालिकेत नाही. पाच हजार माणसं आणि एक चूल नाही.

गंमत म्हणजे सीझर स्वतः तसा नव्हता. त्यानं गॉलच्या स्वाऱ्यांची हकिगत स्वतःच लिहून ठेवली आहे आणि तिच्यात शौर्य जेवढं आहे तेवढाच धान्याचा जप आहे. पहिल्याच प्रकरणात हा जगज्जेता एडुई नावाच्या दोस्त जमातीमागे रोज तगादा लावतो आहे, कबूल केलेलं धान्य कधी पाठवता, आणि ते लोक 'गोळा होतंय, निघालंय, पोचतंच आहे' असं सांगून दिवस ढकलताहेत. आमच्याकडे कृषी सेवा केंद्रात युरियाची चौकशी केली तर शब्दशः हेच उत्तर मिळतं. रोमन फौजेत आठ जणांचा एक तंबू आणि तंबूमागे एक खेचर असायचं. म्हणजे पाच हजारांच्या पलटणीमागे सहाशेहून जास्त खेचरं. बाकी ओझं शिपायाच्या खांद्यावर. मारियस नावाच्या सेनापतीनं सैनिकांवर इतकं सामान लादलं की लोक त्याच्या शिपायांनाच 'मारियसची खेचरं' म्हणू लागले. ही खेचरं आजवर कोणत्या मालिकेत तुम्ही नजर भरून पाहिली आहेत?

तसं रोमच्या बाबतीत मालिकावाल्यांनी मेहनत घेतलीच नाही असं म्हणता येणार नाही. २००५ ते २००७ मध्ये आलेली 'रोम' ही मालिका रोममधल्याच चिनेचित्ता स्टुडिओत भलामोठा सेट उभारून काढली होती. गल्ल्यांत चिखल, भिंतींवर शिव्या, वाळत घातलेले कपडे, आणि मुख्य म्हणजे रंगवलेल्या मूर्ती. ही रंगाची बाब मोठी आहे. आपण सगळे रोम म्हटलं की पांढरंशुभ्र संगमरवर डोळ्यांपुढे आणतो. मुळात त्या मूर्ती भडक रंगांत रंगवलेल्या असत. दोन हजार वर्षांच्या ऊन-पावसात रंग उडाले, पुढच्या लोकांना उडालेला रंग म्हणजेच अभिरुची वाटली, आणि सिनेमावाल्यांनी तीच पांढरी मयत उभी केली. आपल्या खेड्यातल्या देवळाला दर दसऱ्याला ऑइल पेंटचे हात मारणारा पेंटर, पिवळा, निळा, गुलाबी, नाकावर थोडा चंदेरी, हा त्या हिशेबानं हॉलीवूडपेक्षा अस्सल रोमन ठरतो. त्याला हे सांगितलं तर तो दर वाढवील म्हणून कोणी सांगत नाही.

त्याच मालिकेचे दोन नायक, व्होरेनस आणि पुलो. हेही खरे. सीझरच्या पाचव्या प्रकरणात दोन अधिकाऱ्यांची एक छोटी चकमक आहे. एकमेकांशी चढाओढ करणारे दोघे शत्रूवर तुटून पडतात, आळीपाळीनं एकमेकांचा जीव वाचवतात. एवढा एक परिच्छेद. त्यातून त्यांनी २२ भाग काढले. मराठी वाहिनीच्या हाती तो परिच्छेद लागला असता तर पहिले चाळीस भाग पुलोच्या बारशातच गेले असते.

बाकी रोमच्या नावानं आपण जे जे खरं समजतो त्यातलं बरंचसं चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनी नंतर घुसडलेलं आहे. हात ताठ पुढे करून केलेला तो 'रोमन' मुजरा प्राचीन रोममध्ये होता याचा पुरावा सापडत नाही. तो १७८४ च्या एका फ्रेंच चित्रातून रंगभूमीवर आणि तिथून सिनेमात आला. अंगठा खाली केला की मरण, ही समजूत पक्की केली १८७२ च्या दुसऱ्या एका फ्रेंच चित्रानं. घोडेस्वारांना तेव्हा रिकिबी नव्हत्या. म्हणून पडद्यावर नटाचा पाय झग्याच्या घेरात का लपवलेला असतो ते आता बघा. टोमॅटो, बटाटा, मका, मिरची यांतलं काहीच नव्हतं, कारण अमेरिका सापडायची होती. आपल्याकडेही मिरची पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरली. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातलं स्वयंपाकघर म्हटलं की आपला कलादिग्दर्शक पहिली टांगतो ती लाल मिरच्यांची माळ. मिरचीशिवाय राजघराणं चालतं यावर त्याचा विश्वास बसत नाही. वऱ्हाडातल्या माणसाचाही बसणार नाही, म्हणून मी हा मुद्दा ताणत नाही.

आणि तो ग्लॅडिएटर. पोटावर सहा पाव ठेवल्यासारखे स्नायू, छाती तेलानं चकचकीत. खऱ्या ग्लॅडिएटरला लोक चिडवायचे 'जवखाऊ' म्हणून. जवाची कण्हेरी आणि कडधान्यं हाच त्यांचा खुराक. एफिससला सापडलेल्या त्यांच्या हाडांच्या तपासणीतूनही जेवणात धान्य-कडधान्यच भरपूर होतं असं निघालं. तेव्हा हा गडी चांगला गुबगुबीत असणार. अंगावर चरबी असली की वार वरच्या वर राहतो. आपल्या मालिकांतला मावळा मात्र जिमचा वार्षिक पास काढूनच स्वराज्यात भरती होतो. चार कोस डोंगर तुडवून आलेला गडी आणि त्याच्या भुवया नुकत्याच कोरलेल्या, मिशीचा केस न् केस मोजून लावलेला, घामाचा थेंब नाही. खलिता घेऊन आलेला हेर दरवाजातून सिंहासनापर्यंत पोचायला तीन मिनिटं लावतो. त्यात त्याचा चेहरा तीनदा जवळ येतो, प्रत्येक दरबाऱ्याचा एकेकदा, आणि मग जाहिराती.

मराठी मालिकांवर रागावणं मला तरी जमत नाही. २००८ ला 'राजा शिवछत्रपती' आली तेव्हा गावोगाव रस्ते सामसूम व्हायचे. अमोल कोल्हे तिच्यात शिवराय झाले आणि २०१७ ला 'स्वराज्यरक्षक संभाजी' मध्ये शंभूराजे. बाप-लेकाच्या चेहऱ्यात इतकं साम्य कुठल्याही बखरीला साधलेलं नाही. २०१९ ला त्यांना शिरूरच्या मतदारांनी लोकसभेत पाठवलं. मालिकेतून थेट दिल्लीच्या दरबारात, हा प्रवास मात्र शंभर टक्के ऐतिहासिक आहे. विषारी सासू शोधायला रोमनांनाही मराठी वाहिनीकडे यावं लागणार नाही. १९७६ ला बीबीसीनं 'आय, क्लॉडियस' केली. रॉबर्ट ग्रेव्हजच्या कादंबऱ्यांवरची. त्यातली लिव्हिया आपल्या मुलाला सम्राट करण्यासाठी घरातली एकेक माणसं विष देऊन गारद करते. अंजिरंसुद्धा झाडावरच विषारी करून ठेवते. हे सगळं कादंबरीकारानं जुन्या रोमन लेखकांच्या चुगल्यांतून उचललं. म्हणजे इतिहासकारच आधी मालिकावाले होते. आपण उगाच नटाच्या दाढीला नावं ठेवतो.

पण कारभाऱ्यांचा बैल माझ्या डोक्यातून जाईना, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात तो बैल पिढ्यान् पिढ्या होता. रेल्वे येण्याआधी हिंदुस्थानात फौज उभी राहिली की तिच्यामागे बंजाऱ्यांचा तांडा उभा राहायचा. गहू, तांदूळ, डाळ, मीठ. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी लोंबणारी गोणी, पुढे तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, मागे बायका-पोरं, कुत्री, सगळं बिऱ्हाड. या फेरीला ते लदेणी म्हणतात. १६३२ ला पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला आग्र्याहून पाटण्याला जाताना वाटेत एक तांडा आडवा गेला. बैल किती, तर १४,०००. एकेकाच्या पाठीवर चार-चार मोठे मण धान्य. मंडीनं लंडनच्या मापात त्याचा हिशेब केला. इंग्रज माणूस डोळ्यांपुढे चमत्कार घडला तरी आधी माप काढतो.

फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्नियर सांगतो की दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला की प्रवाशानं गाडी कडेला घ्यावी आणि निवांत बसावं. कधी दोन-तीन दिवस लागतात शेवटचा बैल जायला. आणि दोन तांडे समोरासमोर आले तर? मागे कोण सरणार यावरून चक्क मारामाऱ्या व्हायच्या. कारण नायक म्हणजे गळ्यात मोत्यांची माळ घालणारा माणूस. तो आपला रस्ता दुसऱ्या मोत्याच्या माळेला कसा देणार? टॅव्हर्नियरच्या सांगण्यानुसार अखेर मुघल बादशहानं दोन नायकांना बोलावून घेतलं, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि दोघांना एकेक लाख रुपये आणि एकेक मोत्यांचा कंठा देऊन मिटवलं. ज्या मुघल बादशहाला आपल्या मालिकांनी गेली पंधरा वर्षं मशालीच्या उजेडात दात खाण्याखेरीज दुसरं काम दिलेलं नाही, तो इथे वाहतूक शाखेचा फौजदार होऊन चौकात उभा आहे. हा प्रसंग कोणाच्या डोक्यात येत नाही. कारण त्यात तलवार नाही, बैल आहेत.

शाहजहानच्या वेळची एक कथा तर तांड्यातांड्यात सांगतात. दक्षिणेत आलेल्या आसफखानाच्या फौजेला जंगी-भंगी या नायकांच्या बैलांनी जगवलं. वाटेत बैल पाण्यासाठी, चाऱ्यासाठी थांबले तर रसद खोळंबेल. म्हणून खानानं तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत सवलत कोरून दिली. कोणाच्याही रांजणातलं पाणी घ्या, छपराचं गवत ओढून बैलांना घाला, आणि दिवसाला तीन खून माफ. पाणी आणि गवत मी समजू शकतो. पण दिवसाला तीन खून! एवढ्यावर एका वाहिनीची संध्याकाळी सात ते साडेदहाची सगळी वेळ भरून निघेल आणि वर महाएपिसोड.

बंजाऱ्यांच्या बैलांशिवाय फौज चालत नाही, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आर्थर वेलस्ली आधी आपल्याकडे बैलांमागे पळत होता. १८०३ च्या लढाईत त्याच्या पत्रांत बंजाऱ्यांचा उल्लेख सतत येतो. बैल आले का, किती आले, धान्य किती उरलं. आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबरला त्यानं लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोन्ही ठिकाणी विजयस्तंभ उभारून त्यावर एखाद्या बैलाचं नाव कोरायला हवं होतं.

मग रेल्वे आली. १८६७ ला ती नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस डब्यात बसून मुंबईला जाऊ लागला. मिठावर सरकारची पकड, मालावर रेल्वेची. वर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. ज्यांनी बादशहांना जेवू घातलं त्यांच्यातल्या कितीतरी तांड्यांना हा कायदा लावला गेला आणि त्यांना पोलीस चौकीवर हजेरी लावायची वेळ आली. तांडे जागेवर थांबले, जमीन कसायला लागले, ऊस तोडायला जाऊ लागले. पोहरादेवीपासून फार लांब नसलेल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या बंजारा घरातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हेही याच गोष्टीचं पुढचं पान.

आणि मालिकेत बंजारा येतो तो कसा? येत नाही. येते ती बंजारन. रात्र, शेकोटी, डफ, आरशांची चोळी, आणि गुप्तपणे वेषांतर करून आलेला राजकुमार. ती नाचते, तो बघतो, गाणं संपतं, पुढच्या भागापासून ती गायब. कारभाऱ्यांच्या शेजारच्या बाकड्यावर एक आजी बसल्या होत्या. फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. त्यांना मी विचारलं की टीव्हीवरची बंजारन बघितली का. म्हणाल्या, "पाह्यली ना. एवढा पातळ फेटिया पहिल्याच बाभळीत फाटते. अन् ते नाचून राह्यली त् गोणी कोण शिवते?" दोनच वाक्यांत वेशभूषा आणि पटकथा दोन्ही निकालात काढणारा समीक्षक मी पुण्यातसुद्धा पाहिलेला नाही.

रोमची मालिका आपण एवढी चवीनं बघतो ते तसं आपल्या घरचंच आहे. रोमन माल महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला उत्खननात ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली. समुद्र नसलेल्या गावात समुद्रदेव, म्हणजे व्यापारी किती लांबून आला असेल बघा. उलटीकडून तेरच्या हस्तिदंती मूर्तीची सख्खी बहीण वाटावी अशी एक पाँपेईच्या राखेत सापडली आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाचं एक वाटाड्या-पुस्तक आहे. त्यात लिहिलंय की पैठणचा आणि तेरचा माल, तलम कापड वगैरे, बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर घालून भडोचला आणतात. म्हणजे रोमन मालिकेत सम्राटाची राणी जी झिरझिरीत मलमल नेसून कारस्थानं करते, ती मलमल बहुधा आपल्या बैलांनी ओढलेली असावी. कारस्थान मात्र अस्सल रोमन. प्लिनी नावाचा तिकडचा गृहस्थ तर बोंब मारत होता की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स गिळतो. मिरी, कापड, रत्नं. रोमन बायकांच्या हौसेचा हिशेब प्लिनीनं ठेवला. बैलांच्या चाऱ्याचा त्यानंही नाही ठेवला.

प्राचीन काळावरच मालिका काढायची असेल तर रोमला जायची गरज काय, हाही एक वाशीमकराला शोभेल असा प्रश्न आहे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पश्चिम रोमन साम्राज्य ४७६ ला कोसळलं त्याच सुमाराला इथे हरिषेण राज्य करत होता आणि त्याचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरून घेत होता. तिकडे रोम बुडतंय, इकडे वाशीम भरभराटीला! हे वाक्य लिहिताना मला किती बरं वाटलं, हे बस स्टँडवर तासभर थांबलेल्या माणसालाच कळेल. काव्यमीमांसा लिहिणाऱ्या राजशेखरानं तर काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न वत्सगुल्मातच लावून दिलंय. साक्षात साहित्याचं लग्न वाशीमला लागलं आणि एका वाहिनीला वरातीचा एक महाएपिसोड काढावासा वाटू नये! कपडेपटाला कारण सांगायलाही जागा नाही. लोक काय नेसत होते, केस कसे बांधत होते, पट्ट्यापट्ट्यांचं कापड कसं दिसत होतं, सगळं अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवून ठेवलंय. तरी आपल्या पडद्यावरचा प्राचीन राजा वेल्व्हेटचाच झगा घालून येतो.

एकदा एका मालिकेच्या पटकथा विभागात काम करणाऱ्या ओळखीच्या मुलाला मी तांड्यावर मालिका काढायची कल्पना ऐकवली. १४,००० बैल, मोत्यांची माळ घातलेले दोन नायक, सोन्याच्या अक्षरांची सनद, तीन खून. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "सर, बैल कमी करता येतील का?" किती? "दोन. बाकी कॉम्प्युटरवर. खरं जनावर दाखवायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते." मी म्हटलं, दोन बैलांवर मुघल फौज जगते का? म्हणाला, "फौज पण वीसच माणसांची असते सर, पुरतं." हे मात्र त्याचं खरं होतं.

मग त्यानं सुधारणा सुचवल्या. नायकाला एक जुळा भाऊ हवा. शत्रू तांड्यातल्या मुलीशी त्याचं जमायला हवं. सासू हवीच. आणि लदेणी निघाली की पहिला आठवडा निरोपाचा, दुसरा आठवडा गावाच्या वेशीवर, तिसऱ्या आठवड्यात वाटेत नदीला पूर. पूर ओसरेपर्यंत गणपती येतील, म्हणजे गणपतीचा विशेष भाग.

यात्रेनंतर मी पुन्हा पोहरादेवीला गेलो होतो तेव्हा हे सगळं कारभाऱ्यांना सांगितलं. पीटर मंडीनं लिहिलंय की तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त जात नसे, तेही उन्हं उतरल्यावर. मी म्हटलं, कारभारी, या मालिकेत तुमचा तांडा एका महिन्यात एक नदी ओलांडणार.

कारभाऱ्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि नातवाकडे बघितलं. "म्हंजे आमचा म्हातारा बैलही यायच्या मालिकेहून जोरात चालते," ते म्हणाले. "अन् त्याले जाहिरातीसाठी थांबा लागत नाही."